इंडिया कॅप नाही, मग कोच कसला? – अमोल मुझुमदार आणि आपले चॅनेलवाले

नेरूळकर

परवा आमच्या क्रिकेटच्या ग्रुपवर एकाने लांबलचक पोस्ट टाकली. मथितार्थ असा: कोच म्हणून अमोल मुझुमदारने भारताच्या मुलींना क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकून दिला, अभिनंदन. पण पुरुष संघाच्या पुढच्या कोचची चर्चा निघाली की चॅनेलवाले त्याचं नाव घेत नाहीत, ते योग्यच आहे. ज्याने स्वतः इंडिया कॅप घातली नाही, म्हणजे जो भारताकडून खेळलाच नाही, त्याचं ड्रेसिंग रूममध्ये कोण ऐकणार? खाली अंगठ्यांची रांग. माझं डोकं फिरलं. तिथे दोन ओळींत मावणार नाही, म्हणून इथे लिहितोय.

२ नोव्हेंबर २०२५ ला मुलींची फायनल बघायला मी डी. वाय. पाटील स्टेडियमला होतो. पावसामुळे तीनची मॅच पाचला सुरू झाली, ओल्या खुर्चीवर प्लास्टिकची पिशवी टाकून बसलो. दक्षिण आफ्रिकेची कॅप्टन वुलव्हार्ट हिचा झेल आपल्या अमनजोतच्या हातातून दोनदा उडाला आणि तिसऱ्यांदा बसला, तेव्हा शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझा दंड असा आवळला की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. आपली कॅप्टन हरमनने मागे धावत शेवटचा झेल घेतला तेव्हा मध्यरात्र झाली होती. घरी येऊन टीव्ही लावला, तर मुझुमदारबद्दल एकच गोष्ट फिरत होती: शाळेच्या मॅचमधल्या सचिन-कांबळीच्या ६६४ च्या भागीदारीत पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा. ती १९८८ ची गोष्ट! प्रथम श्रेणीत ११,१६७ रन, ३० शतकं, पदार्पणात हरयाणाविरुद्ध २६०, आणि या माणसाची ओळख काय, तर बॅटिंग न मिळालेला. दोन वर्षं त्याने या संघावर काय मेहनत घेतली याबद्दल चकार शब्द नाही.

मेहनत म्हणजे काय ते सांगतो. साखळीत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, ओळीने तीन मॅच हरलो. इंदूरला इंग्लंडविरुद्ध तर ४ रनांनी, आणि त्या मॅचला आपली बॅटर जेमिमा हिला संघाबाहेर बसवलं होतं. पुढच्याच मॅचला तिला परत आणलं, तीन नंबरला पाठवलं, नाबाद ७६. सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाचे ३३८ पार करायचे होते, पुन्हा तीन नंबरला तीच, नाबाद १२७. स्वतःचा निर्णय चुकला हे चार दिवसांत ओळखून तो फिरवायला छाती लागते. २००६-०७ ला मुंबईचा कॅप्टन असतानाही पहिल्या तीन मॅच हरून त्याने रणजी आणली होती. हा योगायोग नव्हे, स्वभाव आहे.

आणि कॅपचंच म्हणाल, तर जॉन बुकॅनन सात प्रथम श्रेणी सामने खेळलेला माणूस. त्याच्या हाताखाली ऑस्ट्रेलियाने २००३ आणि २००७ चे वर्ल्ड कप नेले. ट्रेव्हर बेलिस एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही, इंग्लंड २०१९ ला जिंकलं. तसाच माइक हेसन, तो न्यूझीलंडला २०१५ च्या फायनलपर्यंत घेऊन गेला. तिथे चालतं, मग आपल्याकडेच का कॅप बघायची?

मासुंदा

ती पोस्ट माझी नाही, पण त्यातलं मत माझंही आहे, म्हणून उत्तर देतो.

बुकॅननचं नाव घेतलंत, तर त्याच संघातला स्पिनर शेन वॉर्न याचंही घ्या. वॉर्नने त्याला कधी मानलं नाही, आणि ते त्याने लपवलंही नाही. तो संघ कुणाच्याही हाताखाली जिंकला असता. आपल्याकडे एकेक खेळाडू म्हणजे संस्थान आहे. गॅरी कर्स्टन भारताचा कोच म्हणून आला तेव्हा १०१ टेस्ट खेळून आला होता, म्हणून सचिनपासून धोनीपर्यंत सगळे त्याच्या शब्दाला मान द्यायचे.

दुसरं, फायनल फिरली ती शेफालीच्या ८७ रनांनी आणि तिच्या दोन विकेटनी. ती मूळ संघात नव्हती. प्रतिका जखमी झाली म्हणून आली. तिला बॉल द्यायचं हरमनला मनातून वाटलं. यात कोच कुठे आला? आणि तिसरं, पुरुष संघाचा कोच गंभीर, त्याचा करार २०२७ पर्यंत आहे. जागाच रिकामी नाही, तर चॅनेलवाले नाव कशाला घेतील?

पारसिक

मासुंदा, कुंबळेच्या टेस्टमध्ये ६१९ विकेट होत्या. २०१७ ला भारताचं कोचपद एका वर्षात सोडून गेला. कॅपने ड्रेसिंग रूम ऐकते हे गणित तिथेच संपलं.

पक्षपात बघायचा असेल तर २०२४ आठवा. २६ मे ला कोलकाता आयपीएल जिंकली. हेड कोच कोण? चंद्रकांत पंडित. मेंटॉर कोण? गंभीर. दुसऱ्या दिवशीपासून प्रत्येक बातमीत 'गंभीरची कमाल'. ९ जुलैला तो भारताचा कोच. त्याआधी तो कुठेच हेड कोच नव्हता, लखनौलाही मेंटॉर, कोलकात्यालाही मेंटॉर. पंडितांनी विदर्भाला लागोपाठ दोन रणज्या दिल्या, २०२२ ला मध्य प्रदेशला पहिली दिली, तीही मुंबईला हरवून. त्यांचं नाव कुठल्या पॅनेलवर ऐकलंत? त्यांना तर इंडिया कॅपही आहे. म्हणजे अडचण कॅपची नाहीच. टीव्हीवर बसणारा चेहरा लागतो.

मासुंदा

त्याच गंभीरने २०२५ ला चॅम्पियन्स ट्रॉफी आणि आशिया कप आणले, तेही लिहा.

पारसिक

लिहितो. आणि न्यूझीलंडकडून घरात ०-३, दक्षिण आफ्रिकेकडून घरात ०-२, गुवाहाटीला ४०८ रनांनी, हेही लिहितो.

उपवन

मी अमरावतीचा, ठाण्यात एकोणीस वर्षं झाली. तुमची चर्चा वाचून राहवलं नाही. 'राष्ट्रीय चॅनेल मुंबईवर अन्याय करतात' असा सूर लागलाय. विदर्भाचं काय? २०२४-२५ ची रणजी विदर्भाने उस्मान घनी यांच्या कोचिंगखाली जिंकली. त्यांच्यावर मुंबईच्या मराठी पेपरात अर्धं पान आलेलं मला दाखवा. माझ्या ठाण्याच्या घरी येणाऱ्या पेपरात फायनलची बातमी आतल्या पानावर, आयपीएलच्या बातमीखाली होती. मी बायकोला उठून दाखवली. मुझुमदार दादरच्या शाळेतला, आचरेकर सरांचा शिष्य, म्हणून तुमचा जीव तुटतो. तो वर्ध्याचा असता तर हा धागा निघाला असता का?

नेरूळकर

उपवन, मनाला लागलं, पण खरं आहे. घनींचं नाव मला तुमच्या प्रतिसादात पहिल्यांदा नीट वाचायला मिळालं. तरी मुझुमदारचा मुद्दा त्याने खोटा पडत नाही.

ऐरोलीची_आई

तुमची एवढी भांडणं चाललीत, पण एक गोष्ट सगळ्यांनी धरूनच ठेवली आहे: पुरुषांचा संघ म्हणजे बढती. 'पुढची नोकरी' म्हणजे तीच. का हो? वर्ल्ड कप जिंकलेल्या संघाचा कोच आहे तो. त्याने तिथेच राहावं, पुढच्या चार वर्षांत त्या मुलींना आणखी वर न्यावं, ही 'पुढची नोकरी' का नाही होत?

नेरूळकर, तुम्ही मुझुमदारच्या बाजूने लिहिलंत, पण तुमच्याही मनात मुलींचा संघ म्हणजे परीक्षेला बसण्याआधीचा क्लास आहे. चॅनेलवाल्यांच्याही तेच. डिसेंबर २०२२ ला रमेश पवारांना हलवलं, त्यानंतर ऑक्टोबर २०२३ पर्यंत या संघाला पूर्णवेळ हेड कोच नव्हता. मध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची सेमीफायनल ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५ रनांनी गेली. तेव्हा 'पुढचा कोच कोण' म्हणून एका तरी चॅनेलवर रात्री नऊची चर्चा झालेली आठवते का? डब्ल्यू. व्ही. रामन यांनी २०२० ला मेलबर्नला फायनल गाठून दिली, ८६ हजारांवर प्रेक्षक होते त्या दिवशी. पुढच्या वर्षी त्यांना बदललं. कोण बोललं?

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, ऑफ-स्पिन टाकते. शनिवारी मॅच असली की ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून सीएसएमटी, तिथून आझाद मैदान. किट बॅग तिच्या खांद्याएवढी. लेडीज डब्यात बॅग आडवी ठेवली की बायका ओरडतात, उभी धरली की ती दाराशीच अडकते. मागच्या महिन्यात मुलुंडला गर्दी घुसली तेव्हा बॅगचा पट्टा कुणाच्या तरी पर्समध्ये अडकून तुटला. पोरगी बॅग पोटाशी मिठीत घेऊन दादरपर्यंत उभी. मैदानात पोचली तोवर हात थरथरत होते, पहिल्या ओव्हरला तीन वाइड. सरांनी पुढे बॉलच दिला नाही. परतताना गाडीत एक शब्द बोलली नाही.

घोडबंदर_रोड

ताई, हे आमच्याही घरात रोजचं आहे. मुलगा आहे, एवढाच फरक. इकडे टॉवर इतके झाले, मैदान शोधून सापडत नाही. जे आहे त्यावर ऐन सीझनला लग्नाचे मांडव. मग टर्फवर जातो, तासाला हजाराच्या वर. तिथे जाळी, प्लास्टिकचं गवत, टेनिस बॉल. बॉल वळतच नाही, मग स्पिनर घडणार कुठून? लेदर बॉलची सवय करायची तर पहाटे साडेपाचची गाडी पकडून मुंबई. ट्रायल्सलाही तेच. आपल्याकडची पोरं अर्धी ताकद लोकलमध्ये सांडून येतात आणि शिवाजी पार्कचा पोरगा चालत येतो.

पारसिक

हार्बरला किट घेऊन वाशीला चढून दाखवा एकदा. ठाण्याची गाडी परवडली.

घोडबंदर_रोड

वाशी परवडली म्हणतो मी. ठाण्याला सकाळी सातनंतर पाय ठेवायला जागा असते का?

मासुंदा

धागा कोचचा आहे की लोकलचा? चार प्रतिसाद किट बॅग आणि लोकलवर. ताई, तुमच्या मुलीबद्दल सहानुभूती आहे, पण भारताचा कोच कोण व्हावा याचा आणि बॅगच्या पट्ट्याचा संबंध काय? भावना बाजूला ठेवून बोला.

ऐरोलीची_आई

भावना बाजूला ठेवू? 'हरमनला मनातून वाटलं' म्हणून तुम्ही कोचचं सगळं श्रेय काढून घेतलंत, ती काय आकडेवारी होती? माझी मुलगी ज्या रस्त्याने जाते त्याच रस्त्याने त्या सगळ्या जणी आल्या. मुझुमदार स्वतः रणजीत वीस वर्षं दारात उभा राहिलेला माणूस आहे. आधी मुंबई, मग आसाम, मग आंध्र, पण बोलावणं आलं नाही. संघाबाहेर बसवलेल्या मुलीला काय वाटतं हे त्याला कुणी शिकवायला लागलं नसेल. हा आहे संबंध. आणि सहानुभूती नको, सहानुभूतीने पट्टा शिवून मिळत नाही.

नौपाडा_जुना

मासुंदा, जरा सबुरीने. लोकलचा विषय अस्थानी नाही, कसा ते सांगतो.

पूर्वी मराठी पेपरात कांगा लीगचे, म्हणजे मुंबईतल्या पावसाळी क्लब क्रिकेटचे, स्कोअर छापून यायचे. पावसात, ओल्या पिचवर काढलेले चाळीस रन म्हणजे काय चीज असते हे खेळणाऱ्यालाच ठाऊक. माझं नाव एकदाच आलं, ४३ रन, आणि आडनाव चुकीचं छापलेलं. वडिलांनी तरी ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. घर बदललं तेव्हा निघेना, दारासकट ठेवलं. शाळांच्या मॅच, हॅरिस शील्ड, गाइल्स शील्ड, सगळीकडे वार्ताहर स्वतः झाडाखाली बसलेले असायचे. कुठला कोच पोरांना कसं वागवतो, कोण नेटमध्ये शिव्या घालतो, कोण हरल्यावर पोराच्या शेजारी जाऊन बसतो, त्यांना सगळं माहीत असायचं. आता मैदानात कुणी येत नाही. मग कोचची चर्चा करायची वेळ आली की स्टुडिओत बसलेल्यांना स्टुडिओत आलेलेच आठवतात. २०२४ ला बघा, पॉन्टिंग, लँगर, फ्लेमिंग, आठवडाभर नावं फिरली. शेवटी बीसीसीआयचे तेव्हाचे सचिव जय शहांनी सांगितलं की आम्ही कुठल्याही ऑस्ट्रेलियन माजी खेळाडूला विचारलेलंच नाही. पॉन्टिंग म्हणत होता विचारलं. खरं काय ते असो, ते आठ दिवस घरच्या कोचना मिळाले नाहीत.

याला मी पक्षपात म्हणत नाही. मैदानावर जायचं सोडल्यावर दुसरं काय होणार? पण त्याची झळ मुझुमदार, घनी, पंडित यांनाच बसते.

उपवन

हे पटलं. नागपूरला तर कुणी आधीही येत नव्हतं.

नेरूळकर

ऐरोलीताई, तुमचा मुद्दा मी रात्री दोनदा वाचला. मी सुरुवातच चुकीच्या टोकाने केली. त्याला पुरुष संघ मिळावा यासाठी भांडत होतो, आणि ज्या संघाची फायनल मी पिशवीवर बसून पाहिली त्यालाच कमी लेखत होतो. शीर्षक बदलता येत नाही, नाहीतर बदललं असतं.

मासुंदा

नौपाडा, तुमच्या वयाचा मान म्हणून एक मान्य करतो: बेलिस आणि हेसन यांना माझ्याकडे उत्तर नाही. बुकॅननवर मी ठाम आहे. जेमिमाला तीन नंबरला पाठवणं हा कोचचा निर्णय होता, तोही धरा. तिने सेमीफायनलनंतर सांगितलंच होतं, तीनला जायचंय हे पाच मिनिटं आधी कळलं. पण पुरुषांची ड्रेसिंग रूम वेगळी असते, यावर मी हटणार नाही.

ऐरोलीताई, 'भावना बाजूला ठेवा' हे मी लिहायला नको होतं. आमच्या स्टेशनजवळ, तलावपाळीच्या बाजूला, एक जण बॅगा शिवतो. नायलॉनचा दुहेरी पट्टा लावून देतो, माझ्या भाच्याच्या किटला दोन वर्षं टिकलाय. रविवारीही सकाळी बसलेला असतो.

ऐरोलीची_आई

शनिवारी मॅच आहे. शुक्रवारी संध्याकाळी बसतो का ते विचारून सांगा.