फँटममध्ये खोलवरची 'गाठ' दिसतच नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

निअर इन्फ्रारेड (लाल रंगाच्या लगेच पलीकडच्या) प्रकाशाने स्तनातली गाठ कशी हुडकतात, ते एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी छोट्या प्रमाणावर करून बघतेय. माणसावर नाही, जिलेटिनच्या फँटमवर, म्हणजे स्तनाची नक्कल करणाऱ्या ठोकळ्यावर. प्रकाश विखुरायला इंट्रालिपिड (चरबीचं दुधाळ मिश्रण), शोषायला थेंबभर इंडिया इंक. गाठ म्हणजे जास्त शाईची 1 सेंमीची गोळी. 760 आणि 850 नॅनोमीटरचे एलईडी, त्यांच्यापासून 1.5 सेंमीवर परतणारा प्रकाश मोजायला फोटोडायोड. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन 760ला जास्त शोषतं, ऑक्सिजन धरलेलं 850ला, म्हणून हे दोन. ट्यूमरपाशी रक्तवाहिन्या वाढतात, तिथलं रक्त हुडकायचं. (शाईला या भेदाशी काही देणंघेणं नाही, पण सुरुवात तर होऊ दे!)

गोळी पृष्ठभागाखाली अर्ध्या सेंमीवर असली की रीडिंग धाडकन पडतं. 2 सेंमीवर ठेवली की आहे-नाही काही कळत नाही. एलईडीचा करंट वाढवला, रीडिंग वाढलं, गोळी तरी दिसेना. प्रोब (एलईडी-फोटोडायोडची जोडी) जरा दाबला की आकडे हलतात ते वेगळंच. गाईड म्हणतात अल्गोरिदम सुधार. मला ते पटत नाहीये.

प्रतिसाद:
पटू नयेच. अल्गोरिदम काय करणार, प्रकाश तिथवर पोचून परत येतोय कुठे? तो केळ्याच्या आकाराच्या वाटेने जातो आणि वाटेची खोली साधारण एलईडी-डिटेक्टर अंतराच्या तिसऱ्या भागापासून निम्म्यापर्यंत. तुमच्या 1.5 सेंमीत पाऊण सेंमीपलीकडचं दिसणं कठीण. करंट वाढवून वाट खोल जात नाही. अंतर 4 सेंमी करा. सिग्नल मात्र कैक पटींनी घटेल, तेव्हा अ‍ॅव्हलांच फोटोडायोड (अगदी मंद प्रकाशही टिपणारा) घ्या आणि एलईडी ठरावीक फ्रिक्वेन्सीला चालूबंद करून लॉक-इनने, म्हणजे फक्त त्याच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल वेचणाऱ्या सर्किटने, वाचा. नाहीतर सरळ डिटेक्टर पलीकडच्या बाजूला लावा. 1929 मध्ये सर्जन मॅक्स कटलर यांनी स्तनामागे दिवा धरून सावल्याच पाहिल्या होत्या.

दाबाचं म्हणाल तर खऱ्या स्तनात दाबाने रक्त सरकतं, जिलेटिनमध्ये कुठलं रक्त? प्रोबखाली हवेची फट राहतेय का बघा.

धागाकर्ती:
फट होतीच, प्रोबची एक कड उचललेली! काळ्या पुठ्ठ्याचा होल्डर करून 4 सेंमीवर घेतलं. नुसता गोंगाट. मग सहज ट्यूबलाईट बंद केली तर एलईडी न लावताच रीडिंग निम्म्यावर. म्हणजे इतके दिवस मी ट्यूबच मोजत होते. आता लॉक-इनचं सर्किट कुणी स्वतः जोडलंय का? तयार यंत्र माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.