बाळीचा पीसीव्ही 17 वर आलाय, डार्बेपोएटिन द्यावं का?

बाळीची_आई, डोंबिवली

आमची बाळी 13 वर्षांची, साधी गावठी तिरंगी मांजर, वजन 3.1 किलो. दीड वर्षापूर्वी किडनीचा आजार निघाला. तेव्हापासून किडनीचं वेगळं खाणं आणि दिवसाआड त्वचेखाली सलाईन चालू आहे. सलाईन मी घरीच लावते. गेल्या महिन्यात तिनं ओट्यावर उडी मारणं सोडलं, मग खिडकीतही चढेना. परवा बघते तर बाथरूमची फरशी चाटत बसलेली. ओठ वर करून पाहिलं, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या.

किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन 4.2, पीसीव्ही, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, 17 टक्के. डॉक्टर म्हणाले, किडनीतून रक्त बनवायला सांगणारं हार्मोनच कमी पडतंय, आठवड्याला एक डार्बेपोएटिनचं इंजेक्शन देऊ. धोकाही त्यांनीच सांगितला. एखाद्या मांजराचं शरीर या औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि मग तिचं स्वतःचं उरलंसुरलं हार्मोनही निकामी होतं. हे ऐकल्यापासून मला झोप नाही. आजारानं गेली तर सोसेन, पण मी दिलेल्या सुईनं गेली तर? सासूबाई म्हणतात, नुसतं लोहाचं टॉनिक दे. कुणी हे इंजेक्शन दिलं असेल तर कृपया सगळं खरं सांगा.

विशाखा_कोथरूड

ताई, माझ्या बोक्याला, गुंड्याला, आठ महिने डार्बेपोएटिन दिलं. तो आता नाही, पण गेला तो किडनीनं, या औषधानं नाही. त्या आठ महिन्यांतले निदान सहा तो गॅलरीत कबुतरांवर डोळा ठेवून बसायचा. म्हणून मी देण्याच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते.

प्रतिपिंडांची भीती खरी आहे. औषध माणसाच्या प्रथिनावर बेतलेलं, मांजराच्या शरीराला ते परकं वाटू शकतं. याच जातीच्या जुन्या औषधात, एपोएटिनमध्ये, साधारण चारातल्या एका मांजरात हे व्हायचं. डार्बेपोएटिनमध्ये प्रमाण 10 टक्क्यांच्या खाली सांगतात. म्हणूनच बहुतेक डॉक्टर पीसीव्ही 20 च्या खाली गेल्याशिवाय सुरू करत नाहीत. बाळी त्याही खाली आहे आणि तिला त्रास होतोय. इथे न देण्यालाही धोका आहे, तो कुणी कागदावर लिहून देत नाही एवढंच.

पण एक विचारते. हा 17 सलाईनच्या आधीचा की नंतरचा? गुंड्याचं रक्त एकदा तीन दिवसांच्या ड्रिपनंतर घेतलं, आकडा खूप खाली दिसला. पाणी वाढलं की रक्त पातळ होतं. उलट शरीर सुकलेलं असलं की खरा अॅनिमिया झाकला जातो.

रक्तदाब मोजल्याशिवाय पहिली सुई देऊ देऊ नका. आमच्या पहिल्या दवाखान्यात मोजलाच नव्हता. तिसऱ्या इंजेक्शननंतर गुंड्या भिंतीला धडकायला लागला, बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या. दुसरीकडे नेलं तर दाब 200 च्या वर. अम्लोडिपिनवर उतरला, पण एका डोळ्याची नजर परत आली नाही. ते मला अजून बोचतं.

लोहाबद्दल सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. नवीन रक्त बनायला लागलं की लोह झपाट्यानं संपतं, म्हणून आमच्या डॉक्टरांनी सोबत आयर्न डेक्स्ट्रानचं इंजेक्शन दिलं. नुसत्या लोहानं मात्र हार्मोनची जागा भरत नाही.

सिरिंज माणसांच्या मापाची मिळते, आमची 25 मायक्रोग्रॅमची होती. बाळीला सुरुवातीला किलोमागे 1, म्हणजे जेमतेम 3 लागतील. डोस दवाखान्यातच भरून घ्या. औषध फ्रिजमध्ये ठेवा, पण फ्रीझरमध्ये नाही, आणि हलवू नका. फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. आकडा 25 च्या आसपास आला की अंतर वाढवतात. वाढलेला आकडा अचानक घसरला तर पुढचं इंजेक्शन थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

गोठा_ते_गच्ची, नागपूर

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात 22 वर्षं ड्रेसर होतो, डॉक्टर नाही. सुरू करण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. शी काळी, डांबरासारखी होते का? तसं असेल तर पोटात रक्तस्राव असू शकतो. आणि पिसवा आहेत का? पिसवांमुळे रक्तातल्या मायकोप्लाझ्मा या जंतूचा संशय घ्यावा लागतो, त्याला डॉक्सीसायक्लिन लागतं. किडनीचं मांजर म्हणून सगळं किडनीवरच ढकललं जातं, असं मी फार वेळा पाहिलंय. आणखी एक, 3 किलोच्या मांजरात सगळं मिळून 200 मिली रक्तही नसतं. दर आठवड्याला ट्यूबभर काढू देऊ नका, पीसीव्हीला बारीक काचनळीतले काही थेंब पुरतात.

ओवी_न्यूजर्सी

इकडे 2023 च्या मे महिन्यात एफडीएनं, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, मांजरांसाठी मोलिडुस्टॅटला, म्हणजे व्हॅरेन्झिनला, सशर्त मंजुरी दिली. तोंडानं द्यायचं पातळ औषध, रोज एकदा, जास्तीत जास्त 28 दिवस, मग निदान आठवडाभर खंड. ते शरीराला स्वतःचंच हार्मोन बनवायला लावतं, त्यामुळे प्रतिपिंडांची ती भीती नाही. पण आमची मनी त्यावर खूप उलट्या करायची, आणि रक्त जास्त दाट होऊन गुठळी होण्याची भीती असते, म्हणून तपासण्या यातही चुकत नाहीत. भारतात याच जातीचं डेसिडुस्टॅट माणसांसाठी मिळतं. ताई, मेडिकलमधून ते आणून स्वतः देऊ नका, मांजराचा डोस वेगळा असतो.

बाळीची_आई, डोंबिवली

विशाखाताई, तुमचा प्रश्न वाचून फाईल काढली. रक्त सलाईन लावल्यावर दोन तासांनी घेतलेलं. आज सकाळी सलाईनच्या आधी पुन्हा काढलं, थेंबभरच. 18 आलं, म्हणजे फार फरक नाही. पुढे जाऊन दाब मोजला, शेपटीला पट्टा बांधून, बाळी पिशवीतच बसलेली. 172. डॉक्टर म्हणाले, आधी अम्लोडिपिन, आठवड्यानं पुन्हा दाब, तो 160 च्या खाली आला तर इंजेक्शन. काका, शी नेहमीच्या रंगाची आहे, पिसवाही नाहीत, तरी मायकोप्लाझ्माची तपासणी पाठवली. दाब उतरला की देणार आहे. सुई मीच टोचणार.