मदत हवी आहे: एम.एस्सी. पर्यावरणशास्त्रासाठी शिष्यवृत्ती

नमस्कार मंडळी,

भाचीसाठी विचारतोय. चिपळूणची आहे, वनस्पतीशास्त्रात बी.एस्सी., 78 टक्के. पुण्यात एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राला नंबर लागलाय. जुलै 2021च्या पुरात ताईच्या घरात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, भावोजींच्या किराणा दुकानातला सगळा माल गेला. पाणी कुठवर चढलं त्याची भिंतीवर पेन्सिलने केलेली खूण पोरीने अजून पुसू दिलेली नाही; रंगारी आला तेव्हा तेवढी वीतभर जागा सोडून रंग मारावा लागला. तर हा विषय तिने का घेतला, ते वेगळं सांगायला नको.

खुला प्रवर्ग, वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत. मुलींना फी माफ झाली असं ऐकून आम्ही खूश होतो. मग कळलं, 2024-25 पासूनची ती माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, एम.एस्सी. त्यात बसत नाही. व्हॉट्सअॅपवर 'पर्यावरणाच्या 14 शिष्यवृत्त्या' अशी यादी आली होती. एका रविवारी दोघं चहा घेऊन बसलो आणि एकेक खोडत गेलो. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो, जर्मनीच्या डाडच्या विकासविषयक अभ्यासक्रमांना दोन वर्षांचा. टाटा एन्डाउमेंट म्हणजे कर्ज, तेही फेडायचं. उरलेल्या बहुतेक पीएचडीच्या. कॉलेजच्या ऑफिसात विचारलं तर "या विषयाला काही नसतं" म्हणून खिडकी बंद.

खरंच काही नसतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रानवाट:
मामा, 'पर्यावरण' शब्द शोधत बसलात तिथेच चुकलं. पैसा असतो, पण त्यावर विषयाचं नाव नसतं. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) पदव्युत्तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती बघा: महिना 15,000, वर्षाचे दहा महिने, दोन वर्षं. देशभरात 10,000 जागा. पहिल्या वर्षाला नियमित प्रवेश हवा, म्हणजे अर्ज आत्ताच. दुसऱ्या वर्षी जाग आली तर उपयोग नाही. निवड पदवीच्या गुणांवर होते, त्यामुळे 78 ला लागेलच असं मी म्हणणार नाही. पण भरा. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर.

राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीही आहे, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल आधी काढून ठेवा. आणि बँकेत जाऊन नीट विचारा: खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं आणि एनपीसीआयकडे (आधारवरून पैसे कुठल्या खात्यात जायचे ते बघणारी संस्था) तेच खातं सीड, म्हणजे पैसे जमा होण्यासाठी नोंदलेलं, असणं वेगळं. माझ्या धाकट्याचे पैसे जुन्या जनधन खात्यात जाऊन पडले होते, आम्ही सहा महिने कॉलेजला शिव्या घालत होतो.

खेकडा_कोकणी:
वरच्याशी सहमत. फक्त पुढचं आजच डोक्यात ठेवा. यूजीसीच्या नेट परीक्षेला (प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची पात्रता परीक्षा) पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे आणि एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही बसता येतं. त्यातून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळून पीएचडीला लागली की महिना 37,000. गेट या अभियांत्रिकी-विज्ञानाच्या परीक्षेलाही 2021 पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा पेपर आहे.

प्रकल्पाला पैसे हवे असतील तर रफर्ड या ब्रिटिश संस्थेचं अनुदान आणि इनलॅक्स फाउंडेशनची रवी शंकरन यांच्या नावाची फेलोशिप बघा, पण दोन्हींचा कल वन्यजीव संवर्धनाकडे. नुसता पूर तिथे चालायचा नाही. वाशिष्ठीत मगरी आहेत ना? पुरानंतर त्यांचं काय झालं, यावर कोणी काम केलंय का, हे तिला शोधायला सांगा. फी भरायला हे पैसे नसतात, एवढं लक्षात ठेवा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. मगरींचं वाचून दाखवलं तर भाची जेवता जेवता उठून वही आणायला गेली.

दाखल्यासाठी भावोजी उद्या तहसीलला जातायत. एक अडचण मात्र आत्ताच आली: तिच्या आधारला पुरात वाहून गेलेल्या मोबाइलचा नंबर जोडलेला आहे, ओटीपी त्यावरच जातोय. ते सिम कधीच बंद पडलं. नंबर बदलायला आधार केंद्रात तिलाच जावं लागेल की मी कागद घेऊन गेलो तर चालेल?

रानवाट:
तिलाच जावं लागेल, बोटांचे ठसे घेतात. सकाळी लवकर पाठवा, टोकन संपतात.