प्रोसेसर बसवताना सॉकेटची लिव्हर फार जड लागते आणि करकर आवाज येतो. पुढे दाबावी का?

प्रश्न

नमस्कार. सुटे भाग जोडून संगणक तयार करण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर जोडतात ती मुख्य पाटी) एलजीए १७०० सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसवण्याच्या जागेतच पिना असलेल्या प्रकारचा, असून प्रोसेसर इंटेलचा, बाराव्या पिढीचा आहे. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटजवळच्या त्रिकोणाशी जुळवला, कडेच्या खाचा पाहिल्या, प्रोसेसर अलगद ठेवला आणि धातूची चौकट त्यावर आणली. लिव्हर दाबू लागले तेव्हा निम्म्या वाटेवरच ती इतकी जड झाली की बोर्ड किंचित वाकत असल्यासारखे वाटले आणि आतून करकर असा आवाज आला. मी घाबरून थांबले आणि लिव्हर पुन्हा वर घेतली. चौकटीवरचे काळे प्लास्टिकचे झाकण अजून तसेच आहे. ते आधी काढायला हवे होते का? आतल्या पिना वाकल्या असतील, तर ते कसे ओळखावे?

उत्तर १

आपण थांबलात यात काही चुकले नाही. पण आपण केलेल्या वर्णनात बिघाडाचे एकही लक्षण मला दिसत नाही. या सॉकेटमधल्या पिना म्हणजे प्रत्यक्षात बारीक, तिरक्या स्प्रिंगा आहेत. एक स्प्रिंग दबायला नगण्य जोर लागतो, परंतु १७०० स्प्रिंगा एकाच वेळी आणि सारख्या दाबायच्या असल्यामुळे त्या सगळ्यांचा विरोध लिव्हरवर येतो. म्हणूनच ती शेवटच्या टप्प्यात सर्वांत जड लागते. करकर आवाजही बहुतेक वेळा स्प्रिंगा आणि चौकट आपापल्या जागी बसत असल्याचाच असतो.

जोर कुठे लावायचा आणि कुठे मुळीच लावायचा नाही, एवढे मात्र पक्के लक्षात ठेवा. प्रोसेसर सॉकेटमध्ये ठेवताना बोटांचा जोर शून्य हवा; तो कडांनी धरून सरळ खाली उतरवायचा आणि सोडून द्यायचा, दाबून किंवा सरकवून जागा शोधायची नाही. तो नीट बसला असेल तर चारही कोपरे एका पातळीत दिसतात आणि कडेला बोट लावल्यावर तो डुगडुगत नाही. एवढी खात्री पटल्यावर चौकट खाली आणा आणि ती आपल्या जागी नीट, सपाट बसते आहे ना, हे लिव्हर दाबताना पाहा. चौकट कुठे अडून राहिली असेल तर लिव्हर कितीही दाबली तरी उपयोग नाही. चौकट बरोबर बसली असेल तर मात्र न कचरता लिव्हर खाली नेऊन आकड्यात अडकवा.

झाकण आधी काढू नका. चौकट आवळली जाताना ते आपोआप उचकटून वर येते, आणि तोपर्यंत चुकून काही पिनांवर पडले तर तेच त्यांना वाचवते. निघाल्यावर ते जपून ठेवा, कारण काही उत्पादक झाकणाशिवाय बोर्ड वॉरंटीसाठी स्वीकारत नाहीत. हे सगळे बोर्ड कॅबिनेटमध्ये कसण्यापूर्वी, त्याच्या खोक्यावर सपाट ठेवून करावे.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, तरीही लिव्हर पुन्हा दाबण्यापूर्वी एकदा पिना पाहून घ्याव्यात असे मी सुचवेन, कारण माझ्याच हातून हे नुकसान झालेले आहे. प्रोसेसर ठेवताना तो बोटांतून निसटला आणि त्याचा एक कोपरा सॉकेटवर आपटला. संगणक सुरू झाला, म्हणून मी निश्चिंत झालो. पण रॅमच्या (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या) १६ जीबीच्या दोन पट्ट्यांपैकी एकच मोजली जात होती. दोन संध्याकाळी मी रॅमच्या पट्ट्या अदलाबदल करत बसलो. रॅमचे नियंत्रण प्रोसेसरच्या आत असते आणि तिच्या जोडण्या याच पिनांमधून जातात, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आले नाही. प्रोसेसर काढून पाहिले तर कडेच्या दोन पिना शेजारच्यांवर रेललेल्या होत्या.

तपासण्यासाठी प्रोसेसर काढून बाजूला ठेवा, खोलीतला दिवा मंद करा आणि टॉर्चचा प्रकाश अगदी तिरका, सॉकेटच्या पातळीवरून टाका. सॉकेटच्या एकेका भागातल्या पिनांची टोके एकाच दिशेला वळलेली असतात, त्यामुळे त्यांच्या ओळी विणलेल्या कापडासारख्या एकसारख्या चमकतात. त्या चमकेत एखादा काळा ठिपका किंवा वेडावाकडा बिंदू दिसला, तर तिथली पिन वाकलेली आहे. बोर्ड फिरवून चारही बाजूंनी पाहा. बोटाने किंवा कापडाने पुसण्याचा मोह आवरा. एखादा धागा अडकला तरी तो पिन ओढून नेतो.

माझ्या दोन्ही पिना भिंगाखाली, बारीक सुईच्या टोकाने अगदी थोड्याथोड्या उचलून सरळ करता आल्या. पण पिन एकदा तुटली की घरी काही करता येत नाही, म्हणून हात स्थिर नसेल तर हे काम दुरुस्ती करणाऱ्यावर सोपवावे.

उत्तर ३

हा धागा वाचणाऱ्या एएमडी (इंटेलची स्पर्धक कंपनी) प्रोसेसर वापरणाऱ्यांसाठी थोडी भर घालते. एएमडीच्या एएम ४ सॉकेटमध्ये गोष्ट उलटी आहे: १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाशी असतात आणि सॉकेटला नुसती छिद्रे असतात. तिथे प्रोसेसर स्वतःच्या वजनाने आत उतरतो आणि लिव्हरही हलकी असते, म्हणून तिथे जोर लागू लागला तर मात्र लगेच थांबावे. या प्रकारात कूलर काढतानाही धोका असतो. वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या लेपामुळे) प्रोसेसर कूलरला चिकटून, लिव्हर बंद असतानाच उपटून येऊ शकतो. संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट करावी, बंद करून वीज काढावी, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सैल करावा आणि मगच उचलावा. २०२२ मध्ये आलेल्या एएम ५ पासून पिना सॉकेटमध्ये गेल्या आहेत, त्यामुळे त्याला वरचीच पद्धत लागू होते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. टॉर्चच्या तिरक्या प्रकाशात चारही बाजूंनी पाहिले; ओळी एकसारख्या होत्या. चूक पहिल्या उत्तरात सांगितली तीच निघाली: चौकट आपल्या जागी नीट बसली नव्हती. आज ती नीट बसवून लिव्हर दाबली, तेव्हा आवाज आलाच, पण झाकण टक्कन निघून माझ्या तळहातावर पडले. कूलर आणि रॅम लावून बोर्ड खोक्यावरच सुरू केला. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जच्या पडद्यावर) प्रोसेसरचे नाव बरोबर दिसते आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या मोजल्या जातात.