गोव्याच्या महिला फुटबॉलचा इतिहास लीगपासून मोजावा काय?

मांडवीकाठ: गोव्यातील महिला फुटबॉलचा खरा इतिहास क्लबांच्या लीगपासूनच सुरू होतो. त्याआधीचे सामने हौशी होते.

सासष्टीकर: हे वाचून मी अस्वस्थ झालो, म्हणून सविस्तर लिहितो. पुरुषांच्या महासंघाने मुलींकडे पाहिलेही नव्हते, तेव्हा १९७५ मध्ये महिला फुटबॉलने स्वतंत्र राष्ट्रीय महासंघाची वेगळी चूल मांडली. तिच्याच बळावर १९८० मध्ये कालिकतच्या आशियाई स्पर्धेत भारताने दोन संघ उतरवले आणि त्यांतील एक अंतिम सामन्यात चिनी तैपेईकडून (म्हणजे तैवानकडून) ०-२ असा हरून उपविजेता ठरला. त्या पिढीत गोव्याच्या योलांडा डिसोझा भारताकडून खेळल्या. माझी आत्या फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, दिवशी पुरुषांच्या सामन्याआधी, भावाच्या बुटांत कापूस भरून खेळत असे आणि घरी परतल्यावर बोलणी खात असे. याला आपण हौस म्हणता?

मांडवीकाठ: डिसोझांचे कर्तृत्व मला मान्य आहे, परंतु एका खेळाडूचा गौरव आणि खेळाची व्यवस्था यांत आपण गल्लत करता. माझी मुलगी राज्य शिबिरातून परतली की पुढचे कित्येक महिने तिला एकही स्पर्धात्मक सामना मिळत नसे. गोवा फुटबॉल असोसिएशन १९५९ पासून आहे, पण इंडियन विमेन्स लीग ही महिला क्लबांची राष्ट्रीय लीग उजाडायला २०१६-१७ चा हंगाम यावा लागला.

अंत्रुजकर: आपण दोघेही किनाऱ्यालगतचे तालुके म्हणजेच गोवा असे धरून बोलता. फोंड्यात आम्हाला मैदान मिळे ते मुलग्यांचा सराव संपल्यावर, चेंडू धड दिसत नसताना. कपडे बदलायला खोली नव्हती. आम्ही एका मैत्रिणीच्या घरी जात असू. तिचे लग्न झाले, ते घर बंद झाले आणि चार मुलींचा खेळही.

सासष्टीकर: विषय मैदानांचा नव्हता. आमच्याकडच्या मुलींना सगळे आयते मिळाले, हा सूर मला अपमानास्पद वाटतो.

अंत्रुजकर: आयते मिळाले असे मी कोठे म्हटले? आपल्या आत्याला निदान फेस्ताचे मैदान आणि प्रेक्षक होते, एवढेच म्हणते. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर झाले, तेव्हा भाचीने मला विचारले, "मावशी, असे दिवे आमच्या मैदानावर कधी लागतील?" मैदानच नसेल तर लीग कोणासाठी?

मांडवीकाठ: मैदानाचा मुद्दा मी टाळला, हे नाइलाजाने कबूल करतो. 'लीगपासून सुरू होतो' हे शब्दही मागे घेतो. 'लीगपासून नोंद राहू लागली' असे लिहायला हवे होते. पण मग ती जुनी नोंद आहे कोठे? आत्यांच्या सामन्यांची साले, प्रतिस्पर्धी संघ, सोबतच्या मुली, यांतील काहीही आपण लिहिलेले नाही.

सासष्टीकर: हे मात्र खरे आहे. तिच्याकडे एकच छायाचित्र आहे. काल रात्री विचारले, तर अकरांपैकी सात जणींची नावे तिला आठवली. उरलेल्या चौघींसाठी ती रविवारी जुन्या गोलरक्षक मैत्रिणीकडे जाणार आहे.