विषय: नागपूरच्या भाचीसाठी रक्त, बी निगेटिव्ह मिळत नाहीये

नमस्कार मंडळी,
सिकलसेल (आनुवंशिक रक्तविकार) असलेल्या बारा वर्षांच्या भाचीला नागपुरात पुन्हा रक्त चढवायचं आहे. गट बी निगेटिव्ह. ओ निगेटिव्ह चालेल का? बी पॉझिटिव्ह का नको?

-----

ताई,
ओ निगेटिव्ह चालेल, क्रॉसमॅच (दात्याचं आणि तिचं रक्त जुळतं का ही चाचणी) जुळल्यावरच. पण पॅक्ड सेलच (प्लाझ्मा काढून घेतलेल्या लाल पेशी) मागा, अख्खं रक्त नको. ओ गटाच्या प्लाझ्मात (रक्तातल्या पातळ भागात) अँटी-ए आणि अँटी-बी, म्हणजे ए आणि बी पेशींवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी, दोन्ही असतात, त्या तिच्या बी पेशी फोडू शकतात.

अँटी-ए, अँटी-बी लहानपणीच आपोआप तयार होतात. अँटी-डीचं (पॉझिटिव्ह पेशींवरच्या डी या खुणेविरुद्धची अँटीबॉडी) तसं नाही, निगेटिव्ह माणसाच्या अंगात पॉझिटिव्ह पेशी गेल्यावर ती तयार होऊ शकते. त्यामुळे पहिली पॉझिटिव्ह पिशवी बहुधा निभावते, पुढची महागात पडते. शिवाय ती मुलगी आहे. उद्या गरोदरपणात हीच अँटी-डी पॉझिटिव्ह बाळाच्या पेशींवर उलटेल. जिवावर बेतलं आणि निगेटिव्ह मिळालंच नाही, तरच डॉक्टर पॉझिटिव्हचा विचार करतात.

साठा ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर बघा, आणि मेडिकल, मेयो, डागा या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत फोन करून खात्री करा.

-----

वरचं सगळं बरोबर. सिकलसेलसाठी मात्र एवढ्यावर थांबू नका, खरी गोम पुढे आहे. वारंवार रक्त घेणाऱ्यांत सी, ई, केल या अँटीजेनविरुद्धही (लाल पेशींवरच्या, डीसारख्याच खुणा) अँटीबॉडी होतात. म्हणून ‘आरएच आणि केल फिनोटाइप जुळवून द्या’ असं रक्तपेढीला स्पष्ट सांगा; फिनोटाइप म्हणजे तिच्या पेशींवर यातले कोणते अँटीजेन आहेत त्याची नोंद. फिनोटाइप पहिल्या पिशवीआधीच करून ठेवायला हवा. गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलं असेल तर दात्याच्या पेशी मिसळून साधी चाचणी फसवते, मग डीएनए चाचणी लागते.

अँटीबॉडीचं प्रमाण काळाने घटतं आणि स्क्रीनिंग (अँटीबॉडी शोधणारी चाचणी) निगेटिव्ह येतं. तोच अँटीजेन पुन्हा गेला की ती उसळते. म्हणून एकदा सापडलेल्या अँटीबॉडीचा कागद जन्मभर सांभाळा, दवाखाना बदलला तरी दाखवा. क्रॉसमॅचचा नमुना तीन दिवसांहून जुना नको. ट्यूबवर नाव खाटेपाशीच लिहून घ्या, जीवघेणी अदलाबदल बहुतेकदा तिथेच होते.

वडिलांचं किंवा मामाचं रक्त थेट तिला देऊ नका. जवळच्या नात्यातलं रक्त इरॅडिएट केल्याशिवाय (किरणोत्सर्गाची प्रक्रिया केल्याशिवाय) धोक्याचं. त्यांनी रक्तपेढीत दान करावं, ते दुसऱ्याला जाईल.

पहिली पंधरा मिनिटं थेंब सावकाश, कुणीतरी जवळ बसून. थंडी, कंबरदुखी, लाल लघवी दिसली की नळी लगेच बंद करायला सांगा. हिमोग्लोबिन दहाच्या वर नेऊ नये, रक्त घट्ट होतं. पुढचे दोन आठवडे डोळे पिवळे, लघवी गडद किंवा हिमोग्लोबिन रक्त देण्याआधीपेक्षाही खाली गेलं, तर नेहमीचा क्रायसिस (सिकलसेलमधला दुखण्याचा झटका) समजून घरी थांबू नका, दिलेल्या पेशी उशिरा फुटत असू शकतात. डॉक्टरांना रक्त दिल्याची तारीख सांगून कूम्ब्स चाचणी (लाल पेशींना अँटीबॉडी चिकटल्यात का ते बघणारी) करायला लावा.