कॉस्मेटॉलॉजीच्या परवान्याचे नूतनीकरण अडले आहे, मदत हवी आहे

रानजाई:
माझ्या कॉस्मेटॉलॉजीच्या परवान्याचे नूतनीकरण गेले नऊ दिवस अडून पडले आहे. चार तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला, प्रमाणपत्र हातात आहे, तरीही माझ्या नावावर तास जमा झालेले नाहीत असेच दिसते. शिवाय सगळीकडे ५० डॉलर लिहिलेले असताना माझ्याकडून १०० डॉलर घेतले गेले, ते का, हेही समजलेले नाही. अभ्यासक्रमाच्या कंपनीला दोन ईमेल पाठवले, उत्तर नाही. सोमवारपासून मला एका सलॉनमध्ये खुर्ची मिळायची आहे आणि तिथल्या मालकीणबाई चालू परवाना पाहिल्याशिवाय कात्रीला हात लावू देणार नाहीत. ज्यांनी हे स्वतः केले आहे त्यांनीच कृपया लिहावे. इंटरनेटवर शोधून झाले आहे.

पैलतीर:
आपण कोणत्या राज्यात आहात? अमेरिकेत हा परवाना राज्य देते आणि प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी असते. आमच्याकडे न्यू जर्सीत दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, तर नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये परवाना चार वर्षे चालतो. राज्य कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंधारात दगड मारणे होईल.

सोनटक्का:
मी कॅलिफोर्नियात बारा वर्षे हे काम करते आहे. इथे दर दोन वर्षांनी ५० डॉलर भरले की काम झाले, कसलाही अभ्यासक्रम करावा लागत नाही. मला तर वाटते की तुम्हाला कोणीतरी नको तो अभ्यासक्रम गळ्यात मारला आहे. पैसे परत मागा.

रानजाई:
टेक्सास. चार तास म्हटल्यावर ते लक्षात येईल असे मला वाटले होते. आणि सोनटक्का, इथे ते तास सक्तीचे आहेत, मला कोणीही फसवलेले नाही.

बायूकाठ:
ह्यूस्टनहून लिहिते आहे. टीडीएलआर, म्हणजे टेक्सास डिपार्टमेंट ऑफ लायसेन्सिंग अँड रेग्युलेशन, दर दोन वर्षांनी चार तास मागते. त्यांतला एक तास स्वच्छतेच्या नियमांचा, एक मानवी तस्करी ओळखण्याविषयीचा आणि उरलेले दोन तास आपल्या निवडीचे असतात. प्रमाणपत्र आपण पाठवायचे नसते, अभ्यासक्रम घेणारी संस्थाच तास थेट खात्याला कळवते, आणि ती संस्था टीडीएलआरची मान्यताप्राप्त असावी लागते. त्यामुळे ती मान्यताप्राप्त आहे का, आणि नोंदणी करताना आपण परवाना क्रमांक कोणता दिलात, हे आधी तपासा. दुसरे असे की, १०० डॉलर मागितले गेले याचा अर्थ आपला परवाना आधीच संपलेला असणार. तो कधी संपला?

दोरा_आणि_आरसा:
मुळात या परवान्याच्या मागे का लागता आहात? टेक्सासमध्ये थ्रेडिंगला परवाना लागत नाही. २०१५ च्या जूनमध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने पटेल खटल्यात निकाल दिला की भुवया कोरणाऱ्यांवर लादलेली ७५० तासांच्या प्रशिक्षणाची अट राज्यघटनेत बसत नाही, कारण त्यांपैकी ३२० तासांपर्यंतच्या शिक्षणाचा दोऱ्याच्या कामाशी काडीचाही संबंध नव्हता. लढणारे आपल्यासारखेच दोरा दातांत धरून पोट भरणारे लोक होते. मी तेव्हापासून मॉलमधल्या छोट्या गाळ्यात फक्त थ्रेडिंग करते आणि माझे उत्तम चालले आहे.

बायूकाठ:
निकाल खरा आहे, पण तो फक्त थ्रेडिंगपुरता आहे. भुवईशेजारी मेणाची पट्टी लावली, फेशियल केले किंवा केसांना रंग लावला, की परवाना लागतोच. रानजाईंनी कात्रीचा उल्लेख केला आहे, म्हणजे त्या केस कापणार आहेत. त्यांना दोरा हाती देऊन काय उपयोग?

दोरा_आणि_आरसा:
उपयोग असा की सोमवारची कमाई तरी बुडणार नाही. परवाना येईपर्यंत फक्त थ्रेडिंग करावे, एवढेच माझे म्हणणे आहे, आणि ते कायद्याला धरूनच आहे.

ओसरी_डॅलस:
परवाना मिळवण्याची पद्धत सांगतो, पत्नी यातून गेल्यामुळे माहिती आहे. पूर्वी टेक्सासमध्ये कॉस्मेटॉलॉजीच्या शाळेत १५०० तास भरावे लागत. २०२१ मध्ये कायदा बदलला, न्हाव्यांचा आणि सौंदर्यप्रसाधकांचा कारभार एकत्र करण्यात आला आणि तास १००० वर आले. शाळा निवडताना घरापासूनचे अंतर पाहावे. पुण्यातला पार्लरचा अनुभव त्या तासांत धरला जाईल असे गृहीत धरू नये.

पैलतीर:
ओसरी, त्यांच्याकडे परवाना आहे. त्यांचा प्रश्न नूतनीकरणाचा आहे.

रानजाई:
बायूकाठताई, परवाना गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत संपला. वडिलांच्या आजारपणामुळे मी साताऱ्याला आठ महिने होते, आणि परत आल्यावर घर बदलले, पण नवा पत्ता कळवायचा राहून गेला. हे आधी लिहिले नाही, कारण अडचण तासांची आहे असे मला वाटत होते. मधल्या काळात ओळखीच्या तीन-चार बायकांचे केस घरीच कापले आहेत, तेवढ्याने काही बिघडते का?

बायूकाठ:
बिघडते, आणि ते आधी थांबवा. परवाना संपलेला असताना पैसे घेऊन केस कापणे हा नियमभंग आहे, मग तो सलॉनमध्ये असो की स्वयंपाकघरातल्या स्टुलावर. आता १०० डॉलरांचे गणित: परवाना संपून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण केले तर दीडपट शुल्क, त्यानंतर १८ महिन्यांच्या आत केले तर दुप्पट. तुमचे चौदा महिने झाले आहेत, म्हणून ५० चे १०० झाले आणि ते बरोबर आहे. अठरा महिने येत्या ऑगस्टमध्ये भरतील. ते उलटले तर तीन वर्षांपर्यंत खात्याच्या कार्यकारी संचालकांकडे विनंती करावी लागते आणि तीन वर्षांनंतर परवाना नव्यानेच काढावा लागतो. तेव्हा घाई करा, पण घाबरू नका. प्रमाणपत्र समोर ठेवून त्यावरचा परवाना क्रमांक मूळ परवान्याशी एकेक आकडा ताडून पाहा.

सोनटक्का:
कॅलिफोर्नियात हे इतके किचकट नाही, एवढे मात्र म्हणावेसे वाटते.

दोरा_आणि_आरसा:
म्हणूनच मी दोरा सोडत नाही.

रानजाई:
बायूकाठताई, सापडले. प्रमाणपत्राचा फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला, तर शेवटून तिसरा आकडा ७ च्या जागी १ आहे. माझा जुना परवाना पाण्याने ओला होऊन वाळला आहे आणि त्यावरचा सातचा आडवा दांडा पुसट झाल्यामुळे नोंदणी करताना मीच १ भरला होता. तास कोणाच्या खात्यात गेले की कुठेच गेले नाहीत, देव जाणे. आज सकाळी कंपनीला ईमेल न करता फोन केला, वीस मिनिटे थांबल्यावर एका मुलीने क्रमांक दुरुस्त करून तास पुन्हा पाठवते असे सांगितले.

बायूकाठ:
तिचे नाव आणि फोनची वेळ लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांनी टीडीएलआरच्या संकेतस्थळावर आपल्या क्रमांकासमोर चार तास दिसतात का पाहा, आणि पत्ताही त्याच बैठकीत बदला.

रानजाई:
पत्ता बदलला. आज गुरुवारी संध्याकाळी चार तास दिसू लागले, परवाना मात्र अजून चालू झालेला नाही. मालकीणबाईंना सगळे खरे सांगितले. त्या म्हणाल्या की खुर्ची पुढच्या सोमवारपर्यंत राखून ठेवते, तोवर येऊन फक्त स्वागतकक्षात बसावे आणि दूरध्वनी घ्यावेत.